बोटभर चीर

डॉमिनिकचा फोन आला तेव्हा उत्तरा पालक निवडत होती. ओले हात कुर्त्याला पुसून तिनं फोन कानाशी धरला आणि पुढची दोन-तीन मिनिटं नुसती हं, हं करत राहिली. डॉमिनिकचं राहवे गावात गॅरेज होतं. घरातल्या जुन्या शेवेल गाडीचं दुखणंखुपणं गेली अकरा वर्षं तोच बघत आला होता. डिसेंबरपासून एकदाही सुरू न झालेली ती गाडी तो आठवड्यापूर्वी ट्रकवर घालून घेऊन गेला होता, आणि आता सांगत होता की इंजिनाचा ब्लॉक गेला. ज्या लोखंडी धुडात बाकीचं सगळं बसतं, तेच फुटलंय. बाहेरच्या भिंतीला चीर आहे, बोटभर लांब. आत साधं पाणी राहिलं होतं, न गोठणारं कूलंट नव्हतंच, आणि जानेवारीत जी थंडी पडली तिच्यात त्या पाण्याचा बर्फ झाला. मग लोखंड काय करणार. डॉमिनिकच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता; एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायची असते तसा तो सावकाश बोलत होता. फोन ठेवल्यावर उत्तरा थोडा वेळ सिंकपाशीच उभी राहिली. पाल्याच्या देठांना चिकटलेली माती पाण्यात विरघळत होती. मग ती बाहेरच्या खोलीत गेली. राजीव खुर्चीत बसून डाव्या मुठीत रबरी चेंडू दाबत होता, दहा वेळा दाबायचा, थांबायचा, पुन्हा दहा वेळा. ती म्हणाली, ब्लॉकला चीर गेलीय म्हणतो डॉमिनिक, थंडीनं. राजीवनं चेंडू दाबणं थांबवलं नाही. आकडा चुकू नये म्हणून असेल, पण त्यानं दहा पुरे केले आणि मग नुसतं हं म्हटलं. ती पाण्याबद्दल काही बोलली नाही.

बोलली नाही, कारण ते तिला डॉमिनिकच्या आधी, जानेवारीतच कळलं होतं. राजीव तेव्हा रिहॅबमध्ये पुन्हा चालायला शिकत होता. रात्रभर बर्फ पडून गेल्यावर ती सकाळी बर्फावर टाकायच्या मिठाची पिशवी आणायला गराजमध्ये गेली, तर कोपऱ्यातल्या बाकावर कूलंटचे दोन कॅन शेजारी शेजारी उभे, दोन्हींचीही सीलं तशीच. आणि गाडीच्या पोटाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, इंजिनाच्या कुशीतून बर्फाची एक गंजकट तांबूस जीभ बाहेर आलेली. ती मिठाची पिशवी छातीशी धरून त्या जिभेकडे बघत राहिली होती. थंडी चपलांच्या तळव्यांतून वर चढत होती. मग तिनं दार खाली ओढलं, ड्राइव्हवेवर मीठ टाकलं, हातमोजे झटकले आणि राजीवला भेटायला गेली. तिथं तो भिंतीच्या कठड्याला धरून सात पावलं चालला आणि नर्सनं टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

डिसेंबरातला तो शनिवार तिला मिनिटामिनिटानं आठवत असे. दर वर्षी थंडी पडायच्या आधी राजीव जुनं कूलंट काढून टाकायचा, साध्या पाण्यानं इंजिन आतून धुवायचा आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी काढून नवं कूलंट भरायचा. गेल्या वर्षी उशीर झाला होता. त्या शनिवारी बादली धरून तीच उभी होती. अठ्ठावीस वर्षं ती अशीच काहीतरी धरून उभी राहिली होती, बहुतेक वेळा बॅटरी. जरा इकडे, वर, अगं हलवू नकोस. त्यामुळे ते इंजिन तिला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होतं, जिथं जिथं त्यानं उजेड मागितला तिथलं तिथलं. पाणी भरून झालं, इंजिन अर्धा तास चालवून झालं, आणि हात पुसत तो म्हणाला, उरलेलं उद्या. रविवारी सकाळी तो बाथरूममध्ये पडला. हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो पाणी. जीभ जड, ओठ एका बाजूला ओढलेला, पण शब्द स्पष्ट. गिळता येतंय की नाही ते कळेपर्यंत काही द्यायचं नाही असं नर्सनं बजावलेलं, म्हणून उत्तरानं ओल्या स्पंजच्या काडीनं त्याचे ओठ भिजवले. त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा म्हणाला, पाणी. पुन्हा तिनं काडी धरली, पुन्हा त्यानं मान वळवली, आणि मग मोठ्या कष्टानं म्हणाला, काढ. तिला वाटलं हाताला लावलेली सलाईन काढ म्हणतोय. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि लहान मुलाला समजावतात तसं समजावलं, की काढतील, दोन दिवसांत काढतील. त्यानं डोळे मिटून घेतले होते. त्या डोळे मिटण्यावर ती नंतर कितीदा तरी परत गेली. थकून मिटले, की हिला कळत नाही म्हणून मिटले. तिनं पुढं आणखी काही विचारायला हवं होतं. शनिवारी बादली तिच्याच हातात होती.

त्यामुळे त्या वसंतात आणि उन्हाळ्यात गाडीच्या बाबतीत राजीव जे म्हणेल त्याला ती हो म्हणत गेली. राजीवचं म्हणणं एकच होतं. तसंच इंजिन पाहिजे. एकोणीसशे सत्तर सालचं, त्याच जातीचं, लोखंडी, कार्ब्युरेटरवालं, आणि मागे तोच चार गिअरचा, क्लचचा गिअरबॉक्स. डॉमिनिकच्या ओळखीच्या एकाकडे पेनसिल्व्हेनियात, गोठ्यात पडलेला तसा एक ब्लॉक होता. तो आणून घासूनपुसून उभा करायचा म्हणजे पाच-सहा महिने जाणार होते. दुसरा मार्ग डॉमिनिकनंच भीत भीत सुचवला. मागून चेपलेली एक दोन हजार दोन सालची गाडी त्याच्याकडे आली होती. तिचं इंजिन धड होतं, ॲल्युमिनियमचं, वजनाला हलकं, कॉम्प्युटरवर चालणारं, बरोबर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अशी दोन-तीन इंजिनं त्यानं जुन्या गाड्यांत बसवली होती. राजीवनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, ते कपडे धुवायच्या मशीनमध्ये बसव. डॉमिनिक हसला. उत्तराही हसली, आणि मनात म्हणाली, ज्याचं आपण फोडलं त्याला त्याचंच परत मिळू दे.

बेलव्ह्यूहून देवांगचे फोन येत. मुलगा तिकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि दोन्ही इंजिनांबद्दल त्यानं ईमेलमधून पानंच्या पानं पाठवली होती. लहानपणी त्या गाडीला बोट लावायची त्याला परवानगी नसे. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यानं ती एकदा न सांगता काढली, कोपऱ्यापर्यंत नेली आणि बंद पडली म्हणून ढकलत परत आणली. राजीव तेव्हा ओरडला नव्हता. क्लच कसा सोडायचा ते त्यानं रिकाम्या शाळेच्या पार्किंगमध्ये एक अख्खी दुपार शिकवलं होतं. एरवी फोनवर आईशी मराठीत सुरुवात करून दुसऱ्या वाक्यात इंग्रजीत जाणारा देवांग या विषयावर मात्र धरून धरून मराठी बोलायचा. “आई, लिसन. बाबांच्या डाव्या पायात क्लच दाबायची ताकद नाहीये. दॅट्स नॉट माय ओपिनियन, डॉक्टर म्हणाले. मग ती गाडी चालवणार कोण? तू त्यांना सांगत का नाहीस?” उत्तरा म्हणाली, त्यांना पाहिजे ते होऊ दे. देवांगच्या आईनं इतक्या वर्षांत वडिलांचं एकही म्हणणं मुकाट्यानं ऐकलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

खरं म्हणजे तिला ही गाडी कधी आवडली नव्हती, निदान ती तसं सगळ्यांना सांगत आली होती. पंचाहत्तर सालच्या नोव्हेंबरात ती नागपूरहून आली, लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते आणि त्यातले तेरा दिवस दोघं एकत्र राहिली होती. विमानतळाबाहेर ती जांभळ्या रेशमी साडीवर उसना घेतलेला ओव्हरकोट घालून उभी होती, आणि नवरा दिसायच्या आधी तिला त्याच्या गाडीचा आवाज ऐकू आला. नुसता कानांना नव्हे, तळपायांना. एक खोल, जाडसर घुरघुर फुटपाथमधून पायांत चढली आणि पोटात जाऊन बसली. लाल रंगाचं, काळ्या पट्ट्यांचं ते लांबलचक धूड तिच्यापुढे येऊन थांबलं आणि आतून हा बारीक, चष्मेवाला, संकोची माणूस उतरला, ज्याच्याशी तिचं लग्न झालं होतं. दोघांचा मेळ तिला लागेना. वाटेत तो घडाघडा बोलला, पण सगळं गाडीबद्दल. दोन वर्षांपूर्वी पेट्रोलच्या रांगा लागल्या तेव्हा अशा खादाड गाड्या लोक मिळेल त्या भावाला काढून टाकत होते, तेव्हा ही कशी घेतली, हिच्यात काय काय आहे. स्वतःबद्दल एक वाक्य नाही. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी मांड्यांखालची सीट मांजराच्या पाठीसारखी थरथरत होती, उबदार. एडिसनच्या त्या अपार्टमेंटच्या आवारात गाडी शिरली तेव्हा आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या, आणि ती लाजेनं अर्धी झाली. पण पुढच्या वर्षांत तोच आवाज कोपऱ्यावर ऐकू आला की ती कुकरखालचा गॅस बारीक करायची. गराजमध्ये बॅटरी धरून उभं असताना त्यानं तिला जे सांगितलं, आई गेल्याचं पत्र तीन आठवड्यांनी मिळालं तेव्हा काय वाटलं, ऑफिसात कोण काय बोललं, ते त्यानं जेवणाच्या टेबलावर कधी सांगितलं नसतं. दोन्ही हात इंजिनात असले की त्याला बोलता येत असे. आणि आता सहा महिने त्याचे हात रिकामे होते.

जुलैत डॉमिनिकनं दोघांना बोलावून घेतलं. पेनसिल्व्हेनियाचा ब्लॉक आला होता. एकदा डोळ्यांनी बघून हो म्हणा, म्हणजे काम सुरू करतो. घरातली दुसरी गाडी, टोयोटा, उत्तराच चालवत होती, आताशा तीच चालवायची. राजीव शेजारी बसायचा, डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायचा आणि बाहेर बघत राहायचा. गॅरेजमध्ये ग्रीस आणि रात्रीच्या कॉफीचा वास होता. आणलेला ब्लॉक एका स्टँडवर चढवलेला, गंजलेला, आतून कोळ्यांची जाळी. त्याच्या पलीकडे लाकडी फळ्यांवर ते दोन हजार दोनचं इंजिन, पांढुरकं, वायरी बाहेर लोंबत असलेलं. आणि भिंतीशी, जमिनीवर, त्यांचं जुनं. उत्तरा त्याच्याजवळ उकिडवी बसली. चौतीस वर्षांचं काळं तेल पुसून डॉमिनिकनं चिरेभोवती पांढऱ्या खडूनं गोल काढला होता. तिनं चिरेवर बोट ठेवलं. ती तंतोतंत तिच्या तर्जनीएवढी होती, आणि कडा इतकी बारीक की दिसली नसती, फक्त लागली. तिच्या मागे राजीव डॉमिनिकला क्लचबद्दल काहीतरी बारकाईनं विचारत होता. कुठल्या कंपनीची प्लेट, किती जोराची स्प्रिंग. बरोबर, बरोबर, असं डॉमिनिक म्हणत होता आणि एकदाही राजीवच्या पायाकडे बघत नव्हता.

परत येताना ओक ट्री रोडवर तिनं भाजीसाठी गाडी थांबवली. साड्यांच्या दुकानासमोर जागा मिळाली. काचेतल्या पुतळ्यांना कुणीतरी नव्या पैठण्या नेसवत होतं. तिनं इंजिन बंद केलं नाही, एसी चालू राहिला. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून, पुतळ्यांकडे बघत तिनं सगळं सांगितलं. हॉस्पिटलमधली काडी, त्यानं फिरवलेलं तोंड, काढ म्हणणं. जानेवारीतली ती बर्फाची जीभ. तुम्ही मला सांगत होतात आणि मला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी दार लावून घेतलं, ती म्हणाली. बोलताना तिला स्वतःचा आवाज वाचनालयात नियम समजावून सांगतात तसा सपाट वाटला. बावीस वर्षं ती गावाच्या वाचनालयात कामाला होती. बोलून झाल्यावर ती वाट बघत बसली. समोर पुतळ्याचा हात निखळून पडला, तो आतल्या बाईनं उचलून पुन्हा बसवला.

राजीव म्हणाला, “मला तहान लागली होती.”

ती वळून बघायला लागली.

“तीन दिवस तोंडात काही नव्हतं, उत्तरा. तहानच लागली होती. गाडी कुठली आठवतेय तेव्हा. तुझी ती काडी इतकी गुळचट होती की तोंडात धरवेना. ती काढ म्हणत होतो.”

त्याचा चेहरा अजूनही एका बाजूनं थोडा उशिरा हलायचा, त्यामुळे काय खरं आणि काय तिच्यासाठी, ते पूर्वीसारखं पटकन ओळखता येत नसे. पूर्वी तो खोटं बोलला की चष्मा काढून पुसायचा. आता एका हातानं चष्मा पुसता येत नव्हता. तो तिच्याकडे सरळ बघत होता. खरं असेलही. स्पंजला लिंबाचा गोडसर वास होता हे तिला आत्ता आठवलं. खोटं असेल तर त्यानं ते सहा महिने तयार ठेवलं होतं, आणि तिला कधी विचारलं नव्हतं. दोन्हींतलं कुठलंही धरलं तरी तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरत होतं, आणि ते उतरताना खांदे दुखत होते. तिनं नाक पुसलं. भाजी घ्यायची आहे ना, तो म्हणाला. ती म्हणाली, थांबा जरा. आणि मग, सहा महिन्यांत पहिल्यांदा, तिनं त्याला तिच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, “क्लच कोण दाबणार आहे?”

“बघू. होईल हळूहळू.”

“डॉक्टर म्हणाले होणार नाही.”

“मग नाही चालवणार. उभी राहील. निदान आपली तीच गाडी असेल.”

हे तो फार सहज बोलला. इतकं सहज, की वाटेत न दिसलेली पायरी यावी तसं तिला ठेचकाळायला झालं. तिच्या डोळ्यांपुढे त्याच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर आला. मार्चमध्ये थेरपिस्टनं त्याची ड्रायव्हिंगची चाचणी घेतली होती आणि लिहून दिलं होतं की ऑटोमॅटिक गाडी चालवायला हरकत नाही; उजवा पाय ठीक, नजर ठीक. त्या कागदाची चार वेळा घडी घालून राजीवनं तो त्या ड्रॉवरमध्ये टाकला होता. ही टोयोटा ऑटोमॅटिक होती. तिनं दोनदा किल्ली पुढे केली तेव्हा तो म्हणाला होता, ह्या डब्यात काय मजा, तूच चालव. तिला ते पटलं होतं, कारण तो आयुष्यभर तसंच बोलत आला होता. रिहॅबमध्ये सात पावलं चाललेला हा माणूस आठव्या पावलाला कठडा सोडायला तयार नव्हता, तेही तिनं पाहिलं होतं, आणि त्याचा याच्याशी संबंध लावला नव्हता. जुनं इंजिन, जुना क्लच. ते बसलं की त्याला कधीच स्टिअरिंगमागे बसून बघावं लागणार नव्हतं, की आपल्याला येतं की नाही. गाडी गराजमध्ये अगदी पूर्वीसारखी उभी राहील, आणि हा खुर्चीत. आणि ती आपल्या चुकीपायी त्याला हवं ते देत सुटली होती. तिला एकदम त्याची इतकी माया आली की राग यायला लागला. ती काही न बोलता उतरली, भेंडी आणि दुधी घेतला, मेथी बघितली आणि ठेवून दिली. परत येऊन पिशव्या मागे टाकल्या आणि घरापर्यंत दोघं हवामानाबद्दल बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजीव अंघोळीला गेल्यावर तिनं डॉमिनिकला फोन करून सांगितलं की ते ॲल्युमिनियमचं बसव, ऑटोमॅटिकसकट. डॉमिनिकनं विचारलं, मिस्टर कर्णिकना विचारलंय का? ती म्हणाली, मी सांगणार आहे. नाश्त्याला पोहे वाढून तिनं सांगितलं. राजीवचा चमचा थांबला. गाडी माझी आहे, तो म्हणाला, आणि ती म्हणाली, हो, आणि तुम्ही घाबरता. एवढंच. आणखी बोलली असती तर रडली असती. तो उठला, काठी घेतली आणि गराजमध्ये गेला. गाडी तिथं नव्हतीच, रिकाम्या जागेत तेलाचा डाग होता. तो तिथं बराच वेळ बसून राहिला. चार दिवस त्यानं तिच्याशी लागेल तेवढंच बोलणं केलं. तिला सारखं वाटत राहिलं की आपण त्याच्या दुबळेपणावर बोट ठेवलं, तेही टेबलावर, पोह्यांसमोर. तिसऱ्या रात्री तिनं डॉमिनिकला फोन करून बेत फिरवायचं जवळजवळ ठरवलंही. चौथ्या दिवशी चहा पिता पिता तो म्हणाला, देवांगचे ते ईमेल प्रिंट करून दे. तिनं दिले, एकवीस पानं झाली. त्यानं पेन मागून घेतलं. संध्याकाळपर्यंत पानापानावर समासात बारीक अक्षरांत शंका निघाल्या, पेट्रोलचा पंप कुठे बसवणार, जुन्या रेडिएटरला हे पुरेल का, आणि रात्री त्यानं स्वतः बेलव्ह्यूला फोन लावला. बापलेक एक तास आणि दहा मिनिटं बोलले. उत्तरा वर पलंगावर पडून तो आवाज ऐकत होती. शब्द कळत नव्हते, नुसता त्याचा तो वाद घालतानाचा चढउतार, आणि मध्येच हसू.

सप्टेंबरच्या शेवटी गाडी आली. लाल रंग, काळे पट्टे, सगळं तेच. डॉमिनिकनं किल्ली फिरवली आणि ती लगेच चालू झाली, न कुरकुरता, न खोकता. राजीव बाजूला उभा राहून ऐकत होता. हिला आवाजच नाही, तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, म्हणजे आहे, पण ओळखीचा नाही. दोन दिवस त्यानं बॉनेट उघडून नुसतं बघितलं. उत्तरानं काही विचारलं नाही, बॅटरी मात्र हाताशी ठेवली. त्यानं मागितली नाही. रविवारी दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, दही संपलंय का. फ्रिजमध्ये न उघडलेला मोठा डबा होता. संपलंय, ती म्हणाली.

तो बसला, सीट पुढे घेतली, आरसा हलवला, पुन्हा हलवला. त्याच्या कानामागून घामाची एक बारीक रेघ उतरत होती. ड्राइव्हवेतून मागे येताना गाडी दोनदा थांबली. पहिल्या सिग्नलपर्यंत उत्तरानं आपल्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर पाय दाबून ठेवला होता. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की तो डावा हात मांडीवर ठेवून बसलेला नाही. तो स्टिअरिंगवर होता, जरा खाली, बोटं सैल, पण तिथं होता. ओक ट्री रोडला रविवारची गर्दी होती. कुणीतरी मागून हॉर्न वाजवला तेव्हा तो घाबरला नाही, काहीतरी पुटपुटला. दही घेतलं. दुकानातली बाई म्हणाली, काका, बऱ्याच दिवसांनी. परत निघाल्यावर घराकडे वळायचा कोपरा आला. राजीवनं डावा हात उचलला, बोटांनी इंडिकेटरची दांडी चाचपून खाली केली आणि गाडी डाव्या लेनमध्ये घेऊन थांबला. टक टक, टक टक. हिरवा लागायला वेळ होता. समोरून दोन मुली सायकली ढकलत गेल्या.

“घरी काही घाईचं आहे का?” त्यानं विचारलं.

शेजारची रत्ना साडेचारला चहाला यायची होती, आणि आता चार वाजून गेले होते. मागच्या सीटवर दही ऊन खात होतं.

“नाही,” उत्तरा म्हणाली.

त्यानं पुन्हा डावा हात उचलला. या वेळी बोटं दांडीपर्यंत पोचली आणि घसरली, परत पोचली. ती त्या बोटांकडे बघत होती आणि स्वतःचे हात तिनं मांडीखाली घालून दाबून धरले होते. दांडी वर गेली. टकटक थांबली. उजवीकडची लेन मोकळी होती; मान वळवून त्यानं ती बघून घेतली, आणि हिरवा लागल्यावर तिच्यातून सरळ निघाला.